ओळखीचा जामीन

हरसूलसारख्या गावी परक्या माणसास दुकानदार उधार देतो, तो कोणी ओळखीचा गृहस्थ "हा आपला माणूस" असे म्हणाला तरच. शब्द दिला की तो गृहस्थ आपल्या वाटेने जातो. या रीतीचे स्मरण आम्हांस नुकतेच एका विद्यार्थ्यामुळे झाले. गावची नागली व वरई विकण्याकरिता त्याने 'जँगो' या तयार चौकटीवर एक संकेतस्थळ रचले आणि त्याच्या दारावर 'फेसबुकने प्रवेश करा' अशी कळ बसविली. "सर, चार ओळींचे काम!" तो हर्षाने म्हणाला. काम चार ओळींचे खरे; पण प्रश्न तेवढाच लहान आहे काय?

या योजनेचा गुण प्रथम सांगणे न्याय्य होय. येणाऱ्याचा परवलीचा शब्द संकेतस्थळाच्या हाती पडतच नाही. त्याची संमती घेऊन फेसबुक स्थळास एक परवाना देते, व कोणती माहिती पाहावी याची मर्यादा त्या परवान्यात असते. २०१२ साली प्रमाण ठरलेल्या 'ओऑथ'च्या दुसऱ्या आवृत्तीचे मर्म हेच. परंतु हा जामीनदार शब्द देऊन निघून जात नाही. कोण कोणत्या दारी केव्हा गेला, हे त्यास कळत राहते. शिवाय काय काय मागावयाचे, हे प्रथम ठरवितो तो येणारा नव्हे, घर बांधणारा.

कोणी म्हणेल, जेथे संमती आहे तेथे अन्याय कसला? केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाचे मूळ अशाच प्रवेशाने चालणाऱ्या एका प्रश्नावलीत होते. फेसबुकने २०१८ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे भारतात ती वापरणारे होते अवघे ३३५. त्यांच्या मैत्रीमुळे माहिती गेली असण्याचा संभव असलेले ५,६२,१२०! संमती शेकड्यांची, आणि उघडी पडली लाखांची घरे. मित्रांच्या माहितीची ती वाट फेसबुकने पुढे बंद केली. तथापि संमतीची कळ दुसऱ्याच्या बोटाखाली ठेवून आपण जबाबदारीतून सुटतो, ही बांधणाऱ्याची समजूत अद्याप गेलेली नाही. २०२३ च्या कायद्यानेही सांगितलेल्या हेतूस आवश्यक तेवढीच माहिती घेण्याचे बंधन घातले आहे. आमच्या मते कायदा नसता तरी हे कर्तव्य राहिलेच असते.

आम्ही त्या विद्यार्थ्यास एवढेच विचारले, "नागली विकण्यास गिऱ्हाइकाची जन्मतारीख कशास हवी?" त्याने ती मागणी खोडली. मग थोडे थांबून, ज्यांचे फेसबुकवर खातेच नाही अशांसाठी त्याने एक निराळे दार ठेविले. त्या दाराने प्रथम आत आली ती त्याची आई.