हात आणि हुद्दा

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या घरीं येऊन गेला. पुण्यास एका मोठ्या कचेरींत संगणकांची व त्यांस जोडणाऱ्या जाळ्याची व्यवस्था पाहणें हें त्याचें काम. नुकतेंच त्याच्या हातीं बढतीचें पत्र पडलें होतें. पगार वाढावयाचा होता आणि हाताखालीं १२ माणसें यावयाचीं होतीं. आम्हीं रीतीप्रमाणें अभिनंदन केलें. घरांतून पेढेही आले. परंतु पाहुण्याच्या मुद्रेवर आनंदाची खूण दिसेना. खोदून विचारलें तेव्हां तो म्हणाला, "सर, यापुढें मला स्क्रूड्रायव्हर हातांत धरावयाचें कारण उरणार नाहीं. दिवसभर बैठका आणि तक्ते. ज्या कामासाठीं सकाळीं उठून जावेंसें वाटतें, तेंच आतां दुसऱ्यांनीं करावयाचें."

आम्ही हंसलों. इतकी वर्षें शिकून या मुलास पाना-पकडीचा लळा सुटला नाहीं, याची आम्हांस गंमत वाटली. तें हंसणें चुकीचें होतें, असें मागाहून मनांत येऊं लागलें. पुढील विचार त्या टोंचणींतून आलेले आहेत.

त्याचें काम तरी काय, हें आम्हीं त्याच्याकडून समजावून घेतलें. संगणकास जाळ्याशीं जोडणारी जी साधी केबल आपण पाहतों, तिच्या पोटांत तांब्याच्या ८ बारीक तारा असतात. दोन-दोन तारांस पीळ देऊन त्यांच्या ४ जोड्या केलेल्या असतात. हा पीळ एका जोडीचा विद्युत्‌-उपद्रव दुसरीस कमी पोंचावा म्हणून दिलेला असतो. टोंकाशीं तारा ठराविक रंगक्रमानें ओळींत लावावयाच्या, खोबणींत सारावयाच्या आणि पकडीनें दाबावयाच्या. पीळ गरजेहून अधिक उलगडला, तर केबल वरून धडधाकट दिसते, पण निरोप मधूनमधून गळूं लागतात. अशी तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे भरंवशाची समजत नाहींत. हे सर्व नियम छापलेले आहेत. तरी पीळ उलगडतांना कोठें थांबावयाचें, तार किती ओढली असतां दुखावते, हें वाचून पाठ केलेला माणूस पहिल्या खेपेस चुकतो आणि विसाव्या खेपेस चुकत नाहीं. मधल्या अठरा खेपांत जें ज्ञान आलें तें कोठल्याही पुस्तकांत नव्हतें. तें त्याच्या बोटांत येऊन राहिलें.

शिवाय अशा कामाचा न्यायाधीश निःपक्षपाती असतो. जोडणी साधली तर यंत्रावरील इवलासा दिवा लागतो. न साधली तर तुमची पदवी, वय, वक्तृत्व यांपैकीं कशाचीही तो भीड धरीत नाहीं. बैठकींतून सर्वच जण आपापल्या परीनें बरोबर ठरून बाहेर पडूं शकतात. आमच्या धंद्यांत तर एखादें चुकीचें मत उराशीं धरून माणूस तीस वर्षें शिकवूं शकतो; त्याची चूक दाखविणारा दिवा वर्गांत बसविलेला नसतो. आपलें काम खरें उतरलें कीं नाहीं हें दिवस मावळण्यापूर्वीं कळणें, हें एक मोठें सुख आहे, आणि सुशिक्षितांच्या पुष्कळशा व्यवसायांतून तें नाहींसें झालें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सुख असलें तरी तें खालच्या पायरीचें; बुद्धिमान माणसानें हातकामांत अडकून पडूं नये. परंतु हात आणि बुद्धि यांचें असें वैर इतिहासांत दिसत नाहीं. स्पिनोझा हा भिंगें घासून उपजीविका करी. १६७३ सालीं हायडेलबर्ग येथील प्राध्यापकी त्यास चालून आली, ती त्यानें नाकारली. नाकारण्याचें कारण विचारस्वातंत्र्याची काळजी हें होतें, भिंगांचें प्रेम नव्हे. तथापि भिंगें घासल्यानें त्याचें तत्त्वज्ञान उथळ झालें, असा आक्षेप आमच्या ऐकिवांत नाहीं. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेंतील नोकरी सोडून बेळगांवास आले आणि पुढें लोखंडी नांगर घडवूं लागले. १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. हात आणि डोकें यांची फारकत झाली असती, तर तो नांगर कागदावरच राहता.

मग आपल्या मानाची शिडी हातापासून दूरच कां जाते? वस्तूंस जो स्पर्श करतो तो खालचा, स्पर्श करणाऱ्यावर जो नजर ठेवतो तो वरचा, ही समजूत कचेरींत जन्मास आलेली नाहीं. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची, असें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं दाखवून दिलें. पुढच्याच वर्षीं वर्ध्यास गांधीजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडली. आमच्या वर्गांतील बहुतेकांनीं तिची वाखाणणी केली आणि आपलीं मुलें मात्र दुसऱ्या शाळांत घातलीं. उतरंड जुनीच राहिली. तिच्यावर हुद्द्यांचीं नवीं नांवें तेवढीं चिकटलीं.

येथपर्यंत आल्यावर हातकामाची थोरवी गाऊन लेख संपविणें सोपें होतें. परंतु विद्यार्थ्याच्या तोंडचें आणखी एक वाक्य तसें करूं देत नाहीं. तो म्हणाला होता, "छताच्या पोकळींत शिरून केबल ओढणारा एक मुलगा कंत्राटदाराकडून येतो. त्याचा हात माझ्याहून साफ आहे. पण त्याला हें काम आवडतें काय, हें मीं त्याला कधीं विचारलें नाहीं."

आम्हांस वाटतें, खरा प्रश्न येथें आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या आनंदास तीन आधार आहेत: काम त्यानें आपण होऊन पत्करलें आहे, तें असेंच कां करावयाचें हें त्यास ठाऊक आहे, आणि शेवटीं लागणारा दिवा तो स्वतः पाहतो. छतांतल्या मुलास रोजंदारीमुळें निवड नाहीं, कारण कोणी सांगितलेलें नाहीं, आणि दिवा लागतो तेव्हां तो दुसऱ्या इमारतीच्या छतांत असतो. काम तेंच, पण एकाचा छंद होतो आणि दुसऱ्याची दमणूक. पदवीधराच्या हातांत पकड आली म्हणजे तिचें कौतुक करावयाचें आणि त्या मुलाच्या हातांत असतां तिच्याकडे पाहावयाचेंही नाहीं, असें असेल तर आपण पकडीस मान देत नसून पदवीसच देत आहों.

म्हणून बढती नाकार, असें आम्हीं त्यास सुचविलें नाहीं. घराचें कर्ज त्यास फेडावयाचें आहे, आम्हांस नाहीं. शिवाय ज्यानें स्वतः केबल जोडली आहे, तोच एका जोडणीस किती वेळ लागतो हें ओळखून १२ माणसांवर न्यायानें काम सोंपवूं शकेल. अशा जागेवर जाणें हेंही कर्तव्य असूं शकतें. पण ती ओळख हाताच्या सरावावर जगते, आणि सराव तुटला कीं थोड्याच वर्षांत अधिकारी तक्त्यांतील आंकड्यांसच काम समजूं लागतो. आठवड्यांतून एक दिवस यंत्रांपाशीं बसूं द्यावें, आणि त्या दिवशीं छतांतल्या मुलास आपल्याजवळ शिकावयास ठेवावें, अशी विनंती त्यानें वरिष्ठांकडे केली आहे, असें त्याच्या मागाहून आलेल्या निरोपावरून कळतें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

तें कसेंही येवो. पेढे वांटण्याची घाई आम्हींच केली होती. पुढच्या खेपेस कोणी विद्यार्थी बढतीचें पत्र घेऊन आला, तर त्याच्या हातून कोणतें काम सुटणार आहे आणि तें कोणाच्या हातीं जाणार आहे, एवढें आम्ही आधीं विचारूं.