शौर्याची किंमत कोण मोजतो?



९ जानेवारी २०२१ ची ती रात्र भंडाऱ्यात कोणी विसरलेले नाही. दीड-दोनच्या सुमारास जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष दक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळे होती. रुग्णालयाचे कर्मचारी आणि अग्निशमन दलाचे जवान यांनी ७ बाळांना बाहेर काढले. १० बाळे गेली. त्यातील ३ भाजल्यामुळे आणि ७ धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. पुढे चौकशी झाली, निलंबने झाली, गुन्हे दाखल झाले, राज्यातील सर्व रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. तरीही चार वर्षे होण्याआधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि तिथेही बाळे दगावली.

दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आम्हाला आज प्रश्न मांडायचा आहे तो धुराने भरलेल्या खोलीत शिरणाऱ्या माणसाविषयी. आपण त्याला शूर म्हणतो. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिनी त्याला हार घालतो, त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो. हे योग्यच आहे. पण दुसऱ्याच्या शौर्याची स्तुती केली की आपले कर्तव्य संपते का? आणि ज्या शौर्याची गरजच पडायला नको होती, त्याची किंमत त्याने का मोजावी?

आधी शौर्य म्हणजे काय, ते पाहू. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने शौर्याला दोन टोकांच्या मध्ये बसवले. एका टोकाला भेकडपणा, दुसऱ्या टोकाला आंधळे धाडस. भित्रा माणूस सगळ्यालाच भितो, आंधळे धाडस करणारा कशालाच भीत नाही. शूर माणूस ज्याला भ्यायला हवे त्याला भितो आणि तरीही जे करायला हवे ते करतो. हा सद्गुण जन्मतः मिळत नाही. बांधकाम करता करता माणूस गवंडी होतो, तसे शौर्याची कामे करता करता तो शूर होतो, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे आहे.

अग्निशमन केंद्रातील रोजची कवायत हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पाइप पसरणे आणि गुंडाळणे, शिडी उभी करणे, दोराच्या गाठी मारणे, खांद्यावर माणूस घेऊन खाली उतरणे, ही कामे जवान शेकडो वेळा करतो. पाठीवर श्वसनसंच बांधून काळोख्या खोलीत भिंतीला हात लावत पुढे सरकायला शिकतो. त्या नळकांड्यात प्राणवायू असतो असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्यात आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. ती साधारण अर्धा-पाऊण तास पुरते, दमछाक झाली तर त्याहून लवकर संपते. हवा संपत आली की शिटी वाजते. शिटी वाजली की बाहेर यायचे. एकट्याने आत जायचे नाही, सोबत्याला सोडून बाहेर यायचे नाही. हे सर्व नियम कवायतीतच अंगात भिनवावे लागतात, कारण धुरात उभे राहून विचार करायला वेळ नसतो. कार्बन मोनॉक्साईड हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. काही श्वासांतच माणसाची दिशा चुकते. तेव्हा डोके साथ देत नाही, सवय साथ देते.

इथे कोणी विचारील, आत लेकरू असताना शिटी वाजली म्हणून मागे फिरणे हे शौर्य कसे? हा प्रश्न सोपा नाही. ज्या आईचे बाळ आत आहे, तिला या नियमाने समाधान मिळणार नाही आणि तिने ते मानावे असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण आत कोसळलेल्या एका जवानाला आणायला आणखी दोन जवान जातात. तेवढा वेळ कोणतेही बाळ बाहेर येत नाही. आतल्या जिवाची किंमत कमी समजून हा नियम केलेला नाही. पुढच्या जिवापर्यंत पोहोचता यावे म्हणून तो केला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते शौर्याचे मुख्य लक्षण चढाई करणे हे नसून टिकून राहणे हे आहे. घंटा वाजत नाही अशा कित्येक रात्री जागे राहणे, तीच गाठ पुन्हा मारणे, नळकांड्याचा दाब पुन्हा तपासणे, हेही टिकून राहणेच आहे. त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

प्रभू येशूने सांगितलेला दहा कुमारिकांचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. त्यातील पाच जणी वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे दिवे होते, वराच्या स्वागताची इच्छाही होती. तेल तेवढे नव्हते. मध्यरात्री हाक आली तेव्हा शेजारणीकडे मागूनही ते मिळाले नाही. काही गोष्टी आयत्या वेळी उसन्या मिळत नाहीत, हे या दाखल्याचे मर्म आहे. सराव उसना मिळत नाही. सकाळी ज्या दाराचे कुलूप काढले नाही, त्याची किल्ली रात्री दोन वाजता धुरात सापडत नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोणी स्वेच्छेने दुसऱ्यासाठी प्राण दिले तर ते दान आहे, आणि प्रभूने याहून मोठे प्रेम मानलेले नाही. पण आपल्या हलगर्जीपणामुळे ते दान देण्याची वेळ त्याच्यावर आली असेल, तर त्याच कृतीला आपल्या बाजूने पाहिल्यावर वेगळे नाव द्यावे लागते. त्याने दिले ते दान, आपण काढून घेतले ती चोरी. दोन्ही एकाच क्षणी घडू शकतात. त्याच्या दानाचे पावित्र्य आपल्या चोरीमुळे कमी होत नाही, पण त्या पावित्र्यामुळे आपली चोरीही झाकली जात नाही.

१४ एप्रिल हा दिवस ज्या घटनेमुळे पाळला जातो, तीच पाहा. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी आग लक्षात आली. जहाज आहे तिथेच बुडवायचे की काय करायचे, याचा निर्णय अधिकाऱ्यांत वेळेवर झाला नाही. तोवर अग्निशामक पाणी मारत राहिले. चार वाजून गेले आणि जहाजाचा स्फोट झाला. ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.

९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर आले, पण आग विझवताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. सुधीर अमीन आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडला. दलाचा प्रमुख स्वतः आगीसमोर उभा होता, ही गोष्ट मान खाली घालायला लावणारी आहे. मोडकळीला आलेल्या इमारती आणि चिंचोळे जिने आपल्या शहरांत वर्षानुवर्षे तसेच राहतात. त्यांचा हिशेब अखेर कोणाच्या तरी देहावर चुकता होतो.

ही किंमत एका दिवसातच मोजली जाते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामाला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या गटात घातले. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध स्पष्ट झाला आहे. जळालेल्या प्लास्टिकची आणि फोमची काजळी कपड्यांवर बसते, तिथून कातडीत जाते. पूर्वी काजळीने काळे झालेले हेल्मेट अभिमानाने मिरवले जाई. आता जाणते अधिकारी सांगतात की केंद्रावर परतल्यावर आधी अंगरखा धुवा, आंघोळ करा, मग घरी जाऊन लेकराला जवळ घ्या. अमेरिकेत कर्तव्यावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामकांत हृदयविकार हे सर्वांत मोठे कारण आहे. अशा मृत्यूला शौर्यपदक मिळत नाही. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी खाटेवर खोकणाऱ्या माणसाला पाहून आपल्याला आग आठवतही नाही. म्हणून त्याला धुतलेला दुसरा अंगरखा देणे आणि वर्षाकाठी त्याची तपासणी करणे, याला चैन समजू नये. ते त्याचे न्याय्य देणे आहे.

'पण तो पगार घेतो ना?' असे काही जण म्हणतात. पगार कामाचा असतो, जिवाचा नसतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, ही गोष्ट जर्मन तत्त्वज्ञ कांट याने बुद्धीने मांडली, आणि माणूस देवाची प्रतिमा आहे असे मानणाऱ्या आपल्याला तर ती श्रद्धेनेच ठाऊक असायला हवी.

प्रत्येक मिस्साबलीच्या आरंभी आपण केलेल्या पापांसोबत न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. हे वाक्य आपण भरभर म्हणून टाकतो. कर्तव्यलोपाचे पाप फसवे असते, कारण ते करताना हातून काहीच घडत नाही. एक जण म्हणतो, वायरिंग पुढच्या वर्षी पाहू. दुसरा म्हणतो, कागद वर पाठवला आहे. तिसरा म्हणतो, आजवर काही झाले नाही. दुष्ट कोणीच नसतो, तरी सगळ्यांचे 'पुढच्या वर्षी' एका रात्री एकत्र येतात. जे करायला हवे होते आणि करता येत होते, ते न करणे हे पाप आहे, एवढे अक्वायनस स्पष्ट सांगतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानेही जबाबदारी आधी इमारतीच्या मालकावर आणि वापर करणाऱ्यावर ठेवली आहे. आगरोधक साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. अग्निशमन दलाची पाळी त्यानंतर येते.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

१) घरात गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर कळवा. कढईतील तेल पेटले तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी ओतू नका.

२) धुरात सापडल्यास जमिनीलगत रांगत बाहेर या. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ लहान मुलांनाही पाठ असावेत. बंब येताना दिसला तर गाडी बाजूला घ्या.

३) धानाचे पुंजणे आणि तणसाचे ढीग घराजवळ किंवा विजेच्या तारांखाली रचू नका. तालुक्याच्या गावाहून बंब पोहोचेपर्यंत गावात पाण्याचा टँकर कोणाकडे आहे, हे ग्रामसभेत ठरवून घ्या.

४) चर्चमध्ये आणि सभागृहात कार्यक्रम चालू असताना सर्व दारे आतून उघडतील याची खात्री स्वयंसेवकांनी करावी. नाताळच्या गोठ्याची रोषणाई एकाच प्लगवर चढवू नये. अग्निशामक नळकांडे कसे वापरायचे, ते सर्वांनी शिकावे. पिन ओढावी, नळीचे तोंड आगीच्या बुडाशी धरावे, दांडा दाबावा आणि नळी दोन्ही बाजूंना फिरवावी.

५) मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता आणि नळाबरोबर हेही विचारा की नगर परिषदेच्या अग्निशमन दलात जवान किती आहेत, त्यांच्यापैकी किती जणांना श्वसनसंच आहे आणि त्यांची वैद्यकीय तपासणी कधी झाली.

धर्मग्रामातील तरुणांना आणखी एक सांगणे. १९५६ मध्ये रामपूर येथे स्थापन झालेले आणि १९५७ पासून नागपुरात असलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्यापासून फार दूर नाही. देशभरातील अधिकारी तिथे शिकायला येतात. आपल्या मुलामुलींनी या सेवेचा विचार जरूर करावा. मात्र आपल्या लेकराने तिथे जावे असे ज्या आईवडिलांना वाटते, त्यांनी आपल्या घरची जुनी वायर आधी बदलावी. तिथून कधी तरी कोणाचा तरी मुलगा धुरात शिरणार असतो.

दरवर्षी १४ एप्रिलच्या आसपासच्या रविवारी आपण अग्निशामकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी मिस्साबलीत विशेष प्रार्थना करू. ९ जानेवारीच्या त्या १० बाळांना आणि त्यांच्या मातांना आपण रोजच्या सायंप्रार्थनेत आठवू या.

प्रभू आपणा सर्वांना जागे ठेवो.

आपले धर्मगुरू