चोवीस महिन्यांच्या आत

पवईतलं घर विकायला काढलं तेव्हा खरेदीखताला दोन वर्षंही झाली नव्हती. ह्यांची बदली नागपूरला झाली, हप्ते आणि तिथलं भाडं दोन्ही पेलेना. चोवीस महिन्यांच्या आत विकलं की नफा अल्पकालीन, स्लॅबप्रमाणे कर. थांबलात तर साडेबारा टक्के. शिवाय मुद्दलफेडीवर ८०सीखाली घेतलेली वजावट, पाच वर्षांच्या आत विकल्यामुळे, पुन्हा उत्पन्नात धरायची. मुद्रांकशुल्क तेवढं खरेदीच्या खर्चात मिळवता येतं.

घेणारे म्हणाले, "ताई, थोडी रक्कम रोख घ्या, कागदावर नफाच दिसणार नाही." मामाही म्हणाले, मुंबईत असंच चालतं. घरविक्रीत वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याची मनाई आहे, पण माझं मन अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय आहे, म्हणजे चोरी न करणं. हा नफा माझा किती? मी एक भिंतही बांधली नाही. भाव चढला तो जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यामुळे, त्यावर उभ्या राहणाऱ्या मेट्रो ६मुळे, समोरच्या तलावामुळे. ते सगळ्यांच्या पैशांतून आलं. त्यातला वाटा लपवणं मला चोरीच वाटते, मग ती कुणाच्या खिशातून केलेली दिसो वा न दिसो.

मामा विचारतात, सरकार त्या पैशाचं काय करतं? रास्त प्रश्न आहे, मीही विचारते. त्याने माझं देणं मात्र कमी होत नाही. पूर्ण रक्कम करारात लिहिली. घेणाऱ्यांच्या बँकेचा धनादेश थेट आमच्या कर्जखात्यात जाईल. अग्रिम कर १५ मार्चच्या आत भरायचा आहे.