काचेवर टकटक

माझा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. गेल्या वर्षी त्याने खाऱ्या पाण्यातले मासे पाळण्याचे खूळ घेतले. मी म्हटले, "अरे, हे नगर आहे. समुद्र येथून दोनशे किलोमीटर दूर. उन्हाळ्यात गोड्या पाण्याची मारामार, तिथे खारे पाणी कुठून आणणार?" तो शांतपणे म्हणाला, "मामा, समुद्र घरीच करायचा." आणि खरेच, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने खास मीठ विरघळवून त्याने दिवाणखान्यात समुद्र केला! माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जीव तयार व्हावेत म्हणून कित्येक आठवडे ती पेटी नुसत्या दगडांनिशी चालू होती. घरातली मंडळी तिला "दगडांची पूजा" म्हणत.

यथावकाश दोन विदूषक मासे आले, एक निळा, भांडकुदळ डॅमसेल आला, आणि शेवटी आला तो फायरफिश. बोटाएवढा जीव, पुढचा भाग पांढरा, शेपटीकडे लाल, पाठीवर तुऱ्यासारखा लांब काटा. पण स्वभावाने इतका भित्रा, की सावली हलली तरी बिळात! फार घाबरला तर पाण्याबाहेर उडी मारून जीव गमावील, म्हणून पेटीवर जाळीचे झाकण.

त्याला आणले त्या दिवशी भाच्याने घाई मुळीच केली नाही. पिशवी पेटीत तरंगत ठेवली. मग पेटीतले पाणी थेंबथेंब त्याच्या पाण्यात मिसळले. दिवा मालवला. त्याआधी सगळे दगड उचलून त्यांची जागा बदलली. मी कारण विचारले, तर म्हणाला, "जुन्यांना वाटते, ही जागा आमची. रचनाच बदलली की सगळेच नवे होतात." दगडांत दोन-तीन अरुंद बिळेही राखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा दिसेना. मी प्रेमाने काचेवर टकटक केली. भाचा ओरडला, "मामा, तुम्ही त्याला बोलावत नाही आहात, घालवून देत आहात!"

हे वाक्य मला फार लागले. कारण एकदा मी असेच एका मुलाला घालवून दिले होते.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. काही वर्षांपूर्वी अशाच टोळीतला एक मुलगा माझ्या वर्गात आला. मी मोठ्या कौतुकाने त्याला पुढे उभे केले, टाळ्या वाजवायला लावल्या, नाव-गाव सांगायला लावले, गाणे म्हणायला लावले. त्याच्या बोलीला पोरे हसली. वातावरण हलके करावे म्हणून मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. चौथ्या दिवशी मी कोपीवर गेलो, तर तो आईच्या पाठीमागे दडला. पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या फडावर गेली. "यांना शिक्षणाची गोडीच नसते," असे मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत म्हणालो. आज ते आठवले की मान खाली जाते. ते स्वागत त्याच्यासाठी नव्हतेच. मी किती मायाळू मास्तर आहे, हे मलाच पाहायचे होते.

मग काय, भित्र्याला त्याच्या नशिबावर सोडून द्यावे? तसेही नव्हे. भाच्याने त्या माशासाठी कष्ट कमी का केले? पण मौज अशी, की ते सारे कष्ट पाण्यावर, दगडांवर आणि जुन्या रहिवाशांवर होते. नव्याला त्याने हातही लावला नाही. आपण मात्र उलट करतो. परिस्थिती आहे तशी ठेवतो आणि नव्यालाच म्हणतो, "लाजू नकोस, बदल!"

आमच्या जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची जुनी रीत आहे. पण दार नको असे ज्याला आतून वाटते, त्यालाच ते शोभते. नव्याला आधी दार हवे, मिटून घेता येईल असे. पळून जाण्याची जागा जवळ आहे ही खात्री पटल्यावरच तो बाहेर येतो.

फायरफिश पाचव्या संध्याकाळी बाहेर आला. प्रवाहात सोडलेला कोळंबीचा बारीक कण त्याने टिपला, तुरा दोनदा फडकवला, आणि बिळाच्या तोंडाशीच तरंगत राहिला. पाहायला फक्त मी होतो, तोही दूर खुर्चीत.

यंदा वर्गात एक नवी मुलगी आली. मी तिला हवे तिथे, दाराजवळ बसू दिले. शेजारी एक कमी बोलणारी मुलगी दिली. आणि हसणाऱ्या पोरांना तिच्यामागे एकीकडे घेऊन समजावले. नवव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "गुरुजी, फळ्यावर वेलांटी चुकली."

खरेच चुकली होती. मी निमूटपणे ती दुरुस्त केली. टाळ्या वाजवायला सांगावे असे फार वाटले. पण खडू हातात होता, तो तसाच धरून मी फळ्याकडे वळलो.