जास्तीचा कोंबडा कोणाचा?



आपल्या खडकवासल्यात अजून काही घरांना अंगण आहे आणि अंगणात खुराडे आहे. गावठी कोंबड्यांच्या जोडीला हौसेने सिल्की कोंबड्या पाळणारीही कुटुंबे आहेत. पिसे लोकरीसारखी मऊ, पायाला चारऐवजी पाच बोटे आणि आतली कातडी व हाडे कडकनाथसारखी काळी. स्वभाव इतका गरीब की लहान मुले तिला मांडीवर घेऊन बसतात. ही कोंबडी वरचेवर खुडूक होते आणि दुसऱ्या कोंबडीची, अगदी बदकाचीही अंडी मायेने उबवते.

एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. घरात आनंद होतो. अडचण येते ती पुढे काही महिन्यांनी. सिल्कीच्या पिल्लांत नर कोणता, मादी कोणती हे लवकर कळत नाही. मुलांनी जिचे नाव 'राणी' ठेवले, तीच एके दिवशी पहाटे आरवू लागते! दहा पिल्लांत साधारण पाच नर निघतात आणि आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे आपसांत भांडून रक्तबंबाळ होतात. शेजारीही कुरकुरू लागतात. २०२१ साली आपले गाव पुणे महानगरपालिकेत आले. वस्ती दाट होत आहे आणि सर्वांनाच पहाटेची बांग गोड वाटत नाही. मग आम्हाला विचारले जाते, "फादर, या कोंबड्यांचे काय करायचे? कापले तर पाप लागेल का?"

प्रश्न साधा आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे हे पाप नाही. परंतु प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा विनाकारण मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे चर्चच्या कॅटेकिझममध्ये सांगितले आहे. गरिबांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे घरात कोंबडा कापून खाणारा पापी आणि दहा कोंबडे दाणे घालून पोसणारा पुण्यवान, असा सोपा हिशेब मांडता येत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक गोष्ट दाखवून दिली. जो प्राण्यांशी क्रूरपणे वागतो त्याचे मन हळूहळू माणसांविषयीही निर्दय होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लौदातो सी' या परिपत्रकात त्यापुढे पाऊल टाकले. प्रत्येक जीवाला केवळ आपल्या उपयोगापुरती किंमत नाही, तर देवापुढे त्याची स्वतःची किंमत आहे, असे त्यांनी शिकवले. दोन चिमण्या एका पैशाला विकल्या जातात, तरी त्यांतील एकही पित्याच्या नजरेआड नाही, हे तर खुद्द प्रभूनेच सांगितले आहे.

आता आपण काय करतो ते पाहू. कोणी रात्री पिशवीत घालून कोंबडा धरणाच्या कडेला सोडून येतो आणि म्हणतो, "आम्ही त्याला मोकळा केला." खुराड्यात वाढलेला पक्षी तेथे किती काळ जगणार? कुत्री त्याला फाडतात. पाळीव प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. कोणी कोंबडा पहिल्या मागणाऱ्याला देऊन टाकतो आणि तो कशासाठी नेतो ते विचारत नाही. तो झुंजीसाठीही नेत असेल, आणि कोंबड्यांची झुंज लावणे याच कायद्याने गुन्हा आहे. आपल्या डोळ्यांसमोर काही घडले नाही म्हणून आपले हात स्वच्छ, अशी आपण समजूत करून घेतो. हात धुतल्याने जबाबदारी धुतली जात नाही, हे पिलातापासून आपल्याला ठाऊक आहे.

आमच्या मते खरी चूक कापण्यात किंवा न कापण्यात नाही. प्रश्न उशिरा विचारण्यात आहे. नीतिशास्त्र अपघात आणि आधी दिसणारा परिणाम यांत फरक करते. साप खुराड्यात शिरला तर तो अपघात. पण अंड्यांतून निम्मे नर निघणे हा अपघात नव्हे, तो सृष्टीचा नियम आहे. ज्याने अंडी उबवायला ठेवली, त्याने तलंगांबरोबर कोंबडेही मागून घेतले. म्हणून त्यांचे काय करायचे, हा प्रश्न कोंबडा आरवल्यावर नव्हे, तर कोंबडी अंड्यांवर बसवण्यापूर्वी विचारायचा असतो. खुडूक कोंबडी दिसली की अंडी ठेवलीच पाहिजेत असे नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते.

ज्यांच्या घरी खुराडे नाही त्यांनीही निश्चिंत राहू नये. आपण दुकानातून जी अंडी आणतो, ती देणाऱ्या कोंबड्यांचे भाऊ अंडीही देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत. म्हणून अंड्यांच्या धंद्यात नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची पद्धत जगभर पडली. जर्मनीने २०२२ पासून त्यावर कायद्याने बंदी घातली. अंगणातला प्रश्न तोच आहे, फक्त आपल्याला तो दिसतो.

तेव्हा पाळणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. जितक्या कोंबड्यांची शेवटपर्यंत जबाबदारी घेता येईल तितकीच अंडी ठेवा. कोंबडा द्यायचा तर ओळखीच्या घरी, विचारपूस करून द्या. कापायचा तर अन्नासाठी, जाणत्या हाताने, झटपट कापा. पाय बांधून तासन् तास उलटा टांगू नका आणि जेवणापूर्वीची प्रार्थना त्या दिवशी मनापासून करा. आणि मुलांना "तो शेतावर राहायला गेला" असे खोटे सांगू नका. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. मुलांना आज ना उद्या कळतेच. तेव्हा ती दोन धडे शिकतात. आईवडील खोटे बोलतात, हा एक. आणि ज्याचा उपयोग संपला त्याला गुपचूप नाहीसे करायचे असते, हा दुसरा. माणूस आणि कोंबडा एका मापाचे नाहीत हे खरे. परंतु घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे उद्या ही मुले कोणत्या नजरेने पाहणार, याची सवय लहानपणी अशाच छोट्या गोष्टींतून लागते.

प्रभू येशूने यरुशलेमसाठी शोक करताना स्वतःला पिल्ले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली. कोंबडी पंखांखाली घेताना उपयोगाचे कोण आणि बिनउपयोगाचे कोण, असे निवडत नाही. आपल्या हाती सोपवलेल्या लहानशा जीवांबाबतही आपल्याला विवेक आणि दयाबुद्धी लाभो, हीच प्रार्थना.

तुमचे धर्मगुरू