बत्ती कोणाच्या डोक्यावर?

दांडीयात्रेचा धडा शाळेत साधारण एका तासात उरकतो. १२ मार्च १९३०, साबरमती आश्रम, ७८ सोबती, ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर उचललेलं मीठ. फळ्यावर एवढं लिहिलं की मुलं उतरवून घेतात आणि परीक्षेपुरतं ते पुरतंही. पण मुलांचे कान टवकारतात ते कुणी चिडलं, चुकलं, खजील झालं की. म्हणून शिकवणाऱ्याने दांडीला पोचायची घाई करू नये. वाटेत भटगामला थोडं थांबावं.

सुरतेच्या बाजूचं हे गाव. अंधारात चालताना उजेड हवा म्हणून यात्रेत किटसनची बत्ती होती, चांगली जड. एका मजुराच्या डोक्यावर स्टूल आणि स्टुलावर ती बत्ती. वर ‘चल, चल लवकर’ म्हणून त्याला कुणीतरी दामटत होतं. गांधीजींना ते बघवेना. ते झपाझप पुढे निघाले. साठीच्या माणसाने सगळ्यांना मागे टाकलं. झालं उलटंच. आता त्यांना गाठायला त्या मजुरालाच पळवलं गेलं. २९ मार्चला भटगामच्या सभेत गांधीजींनी हे सगळं उघड बोलून दाखवलं. सुरतेहून मुद्दाम आणवलेल्या दुधाचाही हिशेब काढला. ओझं न्यायचंच असेल तर आपल्यातल्या कुणी डोक्यावर घ्यावं, मग बत्तीची हौस आपोआप फिटेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. याच माणसाने २ मार्चच्या पत्रात व्हाइसरॉय आयर्विनना त्यांचा पगार मोजून दाखवला होता: महिना २१ हजार, म्हणजे दिवसाला सातशेच्या वर, आणि इथल्या माणसाची कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. मोजायची ती पट्टी त्यांनी भटगामला स्वतःच्या माणसांना लावली. स्वतःलाही सोडलं नाही.

मुलांसमोर सत्याग्रहींची चूक कशाला काढायची, असं काही मोठ्यांना वाटतं. मला तर वाटतं, मुलांना हे सांगितलं की सत्याग्रही त्यांच्या ओळखीचे होतात. आपल्यासारखीच ती माणसं, दमणारी, दूध आवडणारी. इंग्रज वाईट आणि आपण चांगले, एवढं तर पहिलीतलं मूलही सांगतं. जो अन्याय आपण दुसऱ्याच्या दारात बघतो तो आपल्या दिंडीतही शिरू शकतो, हे कळायला मात्र तो मजूर डोळ्यांसमोर यावा लागतो. मग वर्गात विचारून बघावं: आपल्या शाळेत बत्ती कोणाच्या डोक्यावर आहे? उत्तरं भराभर येतात. खिचडी शिजवणाऱ्या मावशी. मधल्या सुट्टीनंतर व्हरांडा झाडणारे काका. बाक हलवायचे असले की ज्याला नेहमी हाक मारली जाते तो वर्गातला दणकट मुलगा. हे शेवटचं उत्तर आलं की वर्ग थोडा गप्प होतो.

आपल्याला तर आता शाळाही नाही आणि परीक्षाही नाही, पण डोळे तेच आहेत. पाण्याचा जार खांद्यावर घेऊन लिफ्टपाशी उभा असलेला मुलगा आज दिसेल, त्याला आधी आत जाऊ द्यावं. संध्याकाळी जेवण मागवलं आणि दहा मिनिटं उशीर झाला, तर ‘अजून किती वेळ?’ असा फोन लावण्याआधी एकदा खिडकीतून रस्ता बघावा. पाऊस असेल, सिग्नलला गाड्या तुंबल्या असतील, किंवा आपल्याच सोसायटीच्या गेटवर वॉचमनने जेवण आणणाऱ्याला वहीत नाव लिहायला थांबवलं असेल.