आरशातून आलेला अग्नी

अन्नावर अग्नीचा संस्कार होतो असे मानणाऱ्या परंपरेपुढे सौरचुलीने एक प्रश्न ठेवला आहे: जिच्यात काहीच जळत नाही, त्या चुलीवरचे अन्न अग्नीवर शिजलेले म्हणावे काय?

आरशाने ऊन एकवटणारी सौरचूल अन्वस्त या वक्ररेषेवर आधारलेली असते. अन्वस्ताच्या अक्षाला समांतर येणारा प्रत्येक किरण परावर्तित होऊन नाभी नावाच्या एकाच बिंदूकडे जातो. साध्या अन्वस्ताकार तबकडीत सूर्याबरोबर नाभीही सरकते, म्हणून भांडे उन्हातच टांगावे लागते. वुल्फगांग शेफ्लर यांनी १९८० च्या दशकात अन्वस्ताचा केवळ बाजूचा भाग घेऊन तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर फिरवला आणि ऋतूनुसार त्याचा बाक बदलता ठेवला. त्यामुळे नाभी स्थिर राहिली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये अशा ७३ तबकड्या कार्यान्वित झाल्या. तेथे किरण अन्नाच्या भांड्यापर्यंत पोचतच नाहीत. ते पाण्याची वाफ करतात आणि नळांतून आलेली ती वाफ वरणभात शिजवते.

सूर्याच्या तेजाला अग्नी म्हणावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या निरुक्तात, सातव्या अध्यायात, वेदांतला वैश्वानर म्हणजे नेमका कोण याची चर्चा येते. जुने याज्ञिक त्याला सूर्य मानतात. शाकपूणी हा आचार्य मात्र तो पृथ्वीवरचाच अग्नी असून सूर्य आणि वीज यांच्यापासून जन्मतो, असे म्हणतो. त्याच्या पुष्ट्यर्थ असे सांगितले आहे की, सूर्य उत्तरेकडे वळू लागला असता काशाचे भांडे किंवा मणी घासून लख्ख करावा आणि जेथे सूर्याचे तेज एकवटते तेथे वाळलेले शेण, भांड्याला किंवा मण्याला न टेकवता, धरावे. ते पेट घेते, आणि तो अग्नी हाच पार्थिव अग्नी होतो. काशात स्वतःचा अग्नी नसतो, तरी त्याच्या आकारावाचून शेण पेटत नाही. न्यायदर्शनाच्या परिभाषेत ते निमित्तकारण होय, म्हणजे कार्य घडवूनही त्याचे द्रव्य न होणारे कारण.

वैशेषिक दर्शन हाच प्रश्न अन्नाच्या बाजूने सोडवते. तेथे पाक म्हणजे तेजाच्या संयोगाने पृथ्वीद्रव्याचे रूप, रस, गंध व स्पर्श पालटणे; हिरवा आंबा पिवळा होणे हाही पाकच, आणि तेथे ज्वाला कोठेच नसते. या व्याख्येने वाफेवरचा भात निःसंशय पक्व ठरतो.

मात्र एवढ्यावरून आरशाचा अग्नी सर्वत्र चालेल, असे होत नाही. वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या मते आहवनीय, म्हणजे वेदविहित श्रौतकर्मात आहुती स्वीकारणारा अग्नी, केवळ उष्णतेने सिद्ध होत नसून आधान या विधिपूर्वक स्थापनेच्या संस्काराने सिद्ध होतो. तो संस्कार नसेल तर लाकडाचा धगधगता जाळही आहवनीय नव्हे. म्हणजे सौरचुलीला हरकत घ्यायचीच तर ती सूर्याच्या तेजाला घेता येत नाही, विधी नसण्याला घेता येते, आणि ती हरकत घरच्या गॅसच्या शेगडीलाही तितकीच लागू पडते. द्रव्य कोणते याचा निर्णय दर्शन करते, अधिकार कोणाचा याचा निर्णय विधी करतो. अन्नदानाच्या पंगतीत पहिला निर्णय पुरतो, कारण श्रौत आहुतीसाठी घातलेली आधानाची अट भुकेल्याच्या पानातील भाताला घातलेली नाही.